हातचा

पुलाच्या अलीकडे तिचं नाव नायसे, पलीकडे निसा.
नदी दोन्ही नावांना ओ देते,
किंवा एकालाही देत नाही.
दोन्ही काठांनी साठ-सत्तर वर्षं
एकमेकांना पाण्यात पाहिलं.
पाणी मध्ये होतंच, त्यामुळे सोपं गेलं.

एका उन्हाळ्याने त्यात किती फरक पडला,
ते मोजायला मी आले आहे.

बारा वर्षांपूर्वी इथे अठरा मुलांनी,
नऊ अलीकडची, नऊ पलीकडची,
तीन आठवड्यांत पावाची भट्टी बांधली, विटांची.
मंत्रालयाने पैसे दिले, झेंडे दिले, टोप्या दिल्या.
आता मंत्रालय विचारतंय: परिणाम?
एक ते पाचपैकी एका आकड्याला गोल करा.

टिल्मानने गोल केला नाही.
त्याने शर्टाची बाही वर सरकवली.
मनगटावर नखाएवढा चकाकता डाग:
भट्टीचं लोखंडी दार.
"यागोदाने माझा हात बादलीत बुडवला
आणि ओरडली, ओस्त्रोझ्न्ये!
म्हणजे जपून.
भाजल्यावर सांगतेय, जपून!"
त्यांच्या भाषेतला त्याला तेवढा एकच शब्द येतो.
पोरगी जिन्यावरून धावत उतरते
तेव्हा त्याच्या तोंडून तोच निघतो.
बायको विचारते, हे कुठलं रे?
प्रश्न चौदासमोर मी लिहिलं: व्रण.
मग खोडलं. तिथे आकडा हवा होता.

यागोदाला टिल्मान आठवत नाही.
बादली नाही, डाग नाही.
तिला आठवतं बिनमिठाचं सूप,
आणि शिबिराच्या संडासात कडी लावून
आईला फोनवर म्हणणं, मला ने इथून.
आज ती रोज पूल ओलांडून
आमच्या बाजूच्या इस्पितळात रात्रपाळी करते,
आमच्या म्हाताऱ्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवते.
"प्रकल्पामुळे?" मी उगाच आशेने विचारलं.
"पगारामुळे," ती म्हणाली,
आणि माझ्या चहात लिंबू पिळलं.

बोझिदारने दार फटीएवढंच उघडलं.
"अजून मोजून झालं नाही का आम्हाला?
तेव्हाही नाव विचारायच्या आधी
हातात फॉर्म दिला होता तुम्ही लोकांनी."
बरोबर होतं त्याचं.
तो फॉर्म मीच तयार केला होता.

सहा पाकिटं परत आली.
एक पोचलं, पण जिच्या नावाचं होतं ती नव्हती.
तिच्या वडिलांनी फोटो धाडला:
भट्टीसमोर ती, टोपी तिरकी,
उन्हाने डोळे मिटलेले.
मागे काहीच लिहिलेलं नाही.

भट्टी बघायला गेले.
कमान खचली आहे. आत मांजर व्याली आहे.
कुठल्या काठची, कुणाला माहीत नाही.

रात्री खोलीवर बेरीज मांडली.
सरासरी तीन पूर्णांक एक.
पुन्हा केली, तेवढीच आली, तरी पटेना.
शाळेत गणित चुकलं की बाई आधी विचारायच्या,
हातचा कुठे गेला?
तो उत्तरात लिहायचा नसतो, पोरी,
तो धरून ठेवायचा
आणि शेजारच्या घरात मिळवायचा.

सकाळी पुलावर बर्फाची पातळ काच धरली होती.
समोरून एक म्हातारा, हातात बटाट्यांची पिशवी,
त्याचा पाय सरकला
आणि माझ्या तोंडून निघून गेलं:
ओस्त्रोझ्न्ये!
तो कठड्याला धरून सावरला.
माझ्या शहरी बुटांकडे त्याने निरखून पाहिलं
आणि माझ्याच भाषेत म्हणाला,
"बाई, आधी तुमचे पाय बघा."